झाड आईच्या नावाने, सातबारा कुणाच्या नावाने?

जून उजाडला की आपल्या संघटनांच्या कार्यालयांत शाळांची पत्रं येऊ लागतात. जागतिक पर्यावरण दिनानिमित्त वृक्षारोपण आहे, आपल्या प्रतिनिधींनी येऊन विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करावे, वगैरे. (५ जूनला आपल्याकडच्या बहुतेक शाळा सुट्टीत असतात. त्यामुळे हा दिन शाळा उघडल्यावर सवडीने साजरा होतो आणि कागदावर मात्र ५ जूनलाच झालेला असतो, हे जाता जाता.) आपल्यातल्या काही जणी हौसेने जातात, रोप लावतात, चार शब्द बोलतात, नारळ आणि गुलाबाचं फूल घेऊन परत येतात. काही जणी जातच नाहीत. त्यांचं म्हणणं असं की मारहाणीच्या केसेस, रेशन, रोजगार हमीची थकलेली मजुरी एवढं सगळं पुढ्यात असताना झाडाबिडांचे लाड कुणी करायचे? मला या दोन्ही भूमिका चुकीच्या वाटतात आणि हा लेख मी दोघींशीही भांडण्यासाठी लिहिते आहे.

पर्यावरणाचा तास ही आता कुणा हौशी मास्तरांची कल्पना राहिलेली नाही. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचा आदेश दिला. पुढे अंमलबजावणीसाठी २००३ साली पुन्हा बजावावं लागलं. २००१-०२ पासून राष्ट्रीय हरित सेनेच्या नावाने शाळाशाळांत इको क्लब निघाले. महाराष्ट्रात २०२० साली ‘माझी वसुंधरा’ अभियान आलं. नववीपासून पुढच्या मुलांच्या हातात जलसुरक्षेची पुस्तकं आली. २०२४ च्या ५ जूनला पंतप्रधानांनी ‘एक पेड माँ के नाम’ची घोषणा केली. म्हणजे डोंगरातल्या शेवटच्या वाडीतल्या मुलीपर्यंत सरकारी खर्चाने पोचणारा हा तास आहे. आपली शिबिरं तिच्यापर्यंत पोचत नाहीत, आपलं मासिक तर नाहीच नाही. या तासात काय शिकवायचं हे आपण ठरवलं नाही, तर दुसरं कुणीतरी ठरवणार. ते ठरवतंच आहे.

मग काय शिकवलं जातं? कुठल्याही शाळेच्या भिंती वाचा. दात घासताना नळ बंद ठेवा. शॉवर नको, बादलीने अंघोळ करा. भाजी धुतलेलं पाणी कुंडीत घाला. ओला कचरा, सुका कचरा वेगळा करा. बाजाराला जाताना कापडी पिशवी न्या. अन्न टाकू नका. वाक्यं वाईट नाहीत. पण ती पुन्हा एकदा वाचा आणि प्रत्येक वाक्यापुढे विचारा, हे घरात करतं कोण? भाजी कोण धुतं, उरलेल्या अन्नाचं काय करायचं हे कोण पाहतं, कचरा कुणाच्या हातून जातो, पिशवी शिवतं कोण? पर्यावरण वाचवण्याच्या नावाने जी कामं सांगितली जातात, त्यातली बहुतेक बाईच्या घरकामात भर घालणारी आहेत. त्यासाठी तिचा वेळ लागतो आणि त्या वेळेची मोजदाद कुठेच नाही. वर त्या घरात मूल आता तपासनीस होऊन येतं : ‘आई, तू चुलीत लाकूड घालतेस, त्याने प्रदूषण होतं असं सर म्हणाले.’ सिलिंडर भरून आणायला पैसे कुठून आणायचे, हे सरांनी सांगितलेलं नसतं.

मी ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात काम करते. मुंबईत राहणाऱ्या मैत्रिणींना हा तालुका माहीत नसेल, पण त्याचं पाणी त्या रोज पितात. तानसा १८९२ साली बांधून झाला. पुढे वैतरणेवरची धरणं झाली, भातसा झालं, आणि आज मुंबईच्या पाण्यातला निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या भातसाचा आहे. त्याच शहापुरात दर उन्हाळ्यात वाड्यापाड्यांवर टँकर येतो. टँकर विहिरीत पाणी ओततो आणि बाया, पोरी त्या विहिरीतून ते पुन्हा शेंदून वर काढतात. २०१५ साली याच तालुक्यातल्या एका पाड्याची बातमी देशोदेशीच्या वर्तमानपत्रांत छापून आली. पाणी भरायला माणूस हवं म्हणून तिथे काही पुरुषांनी दुसरी, तिसरी बायको केली होती. बातमीदारांनी तिला ‘पाणीवाली बाई’ म्हटलं. फोटो छापले, हळहळ झाली. त्या पाड्यावरचं मूलही शाळेत जाऊन पाठ म्हणतं, नळ बंद ठेवा.

पर्यावरणाचा तास गणितापासून सुरू करायला हवा, असं माझं मत आहे. सरकारच्या जल जीवन मिशनने खेड्यातल्या माणसासाठी दिवसाला ५५ लिटर पाणी हे माप धरलं आहे. शहरासाठी नियोजनाचं माप आहे १३५ लिटर. आता पाचवीच्या मुलांना उदाहरण घाला. घरात माणसं ५, हंडा १५ लिटरचा, तर ५५ लिटरच्या हिशेबाने दिवसाला किती हंडे? २७५ भागिले १५, म्हणजे एकोणीस हंडे. डोक्यावर एका वेळी दोन धरले तरी दहा खेपा. एका हंड्यातल्या पाण्याचं वजन १५ किलो, हंड्याचं वेगळं. विहीर अर्ध्या किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन किती चालणं झालं? आता शहरातलं माप धरा : ६७५ लिटर, पंचेचाळीस हंडे. हे कोण वाहील? मुलं हा हिशेब करतात आणि एकदम गप्प होतात, कारण बहुतेकांच्या घरात उत्तर चालताबोलता समोर असतं. सरकारने जे माप ‘किमान’ म्हणून धरलं तेवढंही पाणी बाईच्या डोक्यावरून घरात येणं अशक्य आहे. म्हणून ती कमी पाण्यात भागवते, स्वतः शेवटी अंघोळ करते, पाळीच्या दिवसांत कपडा नीट धुता येत नाही म्हणून खाज-पुरळ सोसते. अशा बाईला पाण्याची काटकसर शिकवायला निघालेल्या पुस्तकाला काय म्हणावं?

काटकसर शिकवायचीच असेल तर पाणी जिथे जातं तिथे जाऊ या. पिकाखालच्या जमिनीच्या चार-सहा टक्क्यांवर असलेला ऊस महाराष्ट्रातलं सिंचनाचं साधारण दोन-तृतीयांश पाणी पितो, हे सरकारी समित्याच सांगत आल्या आहेत. आणि तो ऊस तोडतं कोण? पाण्यावाचून शेती बसली म्हणून गाव सोडलेल्या मराठवाड्यातल्या जोड्या. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, म्हणजे हिशेबात बाई वेगळी धरलीच जात नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची सरकारी पाहणी झाली. तपासलेल्या ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली होती. पाळीमुळे, अंगावरून जाण्यामुळे खाडा पडला तर उचल फिटत नाही, दंड बसतो. पाण्याच्या धड्यात हे येतं का? थेंब थेंब वाचवा एवढंच येतं. थेंबाचा मालक कोण, हा प्रश्न पुस्तकात छापलाच जात नाही.

आता त्या आईच्या झाडाकडे येते. २०२४ पासून शाळाशाळांत आईला बोलावतात, मूल आणि आई रोपाजवळ उभी राहतात, फोटो निघतो, पोर्टलवर चढतो, प्रमाणपत्र मिळतं. आईचा त्या दिवशीचा रोज बुडतो. तो भरून द्यायची तरतूद माझ्या ऐकिवात नाही. रोप लागतं शाळेच्या, गायरानाच्या नाहीतर वनखात्याच्या जमिनीत. आईच्या स्वतःच्या जमिनीत ते लावावं, तर तिला जमीन आहे कुठे? २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशात वहितीच्या खातेदारांत बायकांचं प्रमाण १४ टक्क्यांच्या आत आणि त्यांच्याकडचं क्षेत्र १२ टक्क्यांच्याही आत. शेतातली कामं मोजली तर पारडं नेमकं उलट भरेल. महाराष्ट्राने मुलींना वडिलार्जित मिळकतीत समान वाटा देणारी दुरुस्ती १९९४ सालीच केली, देशाने २००५ साली. तरी तलाठ्याकडे बहिणींची हक्कसोडपत्रं आजही राजीखुशीने होतात. भाऊबीजेची ओवाळणी पुढच्या वर्षी मिळावी एवढीच त्या राजीखुशीची किंमत. शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम घेतला तेव्हा नवऱ्यांना जमिनीचा तुकडा बायकोच्या नावाने करायला सांगितलं होतं. शरद जोशींच्या बाकीच्या अर्थकारणाबद्दल आपले मतभेद असतील, माझे आहेत, पण जिथे सही करायची तिथे त्यांनी बोट ठेवलं होतं. २००६ च्या वनहक्क कायद्यानेही तेच केलं. दावा मंजूर झाला तर पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने. आमच्याकडे कातकरी, वारली, ठाकूर घरांत हे पट्टे आहेत. ते पत्र्याच्या पेटीत तळाशी असतात आणि त्यावर आपलं नाव आहे हे कित्येक बायांना ठाऊक नसतं. शाळेतल्या मुलीने तो कागद घरी वाचून दाखवला, तर तो पर्यावरणाचा धडा नाही का? जंगल राखायचं असेल तर ते कुणाच्या हक्काचं आहे हे आधी कळायला हवं. पण या कागदाकडे कुणी बोट दाखवत नाही, कारण रोपावर आईचं नाव लिहायला पाटी पुरते. सातबाऱ्यावर लिहायचं तर वाटणी करावी लागते.

धरती माता, गोमाता, बीजमाता, आईचं झाड. एवढ्या मातांच्या गर्दीत कष्ट करणारी बाई दिसेनाशी होते, आणि तिला नमस्कार करून मोकळं होता येतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेलेल्या नाहीत. त्यांनी देशी बियाण्यांची बँक उभी केली, त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. आता शाळाशाळांत त्यांच्यावर भाषणं होतात. चांगलंच आहे. पण त्याच शाळेच्या परसबागेत वाल कधी पेरायचा, बी राखेत का ठेवायचं, हे मुलांना सांगायला गावातल्या एखाद्या म्हातारीला मानधन देऊन बोलावलं, असं मी तरी फारसं पाहिलेलं नाही. खिचडी शिजवणारी बाई पटांगणाच्या कडेला बसलेली असते. तिला विचारलं तर ती दहा रानभाज्या सांगेल. तिला कुणी विचारत नाही, आणि तिचं तुटपुंजं मानधनही वेळेवर येत नाही.

आणि ती रोपं जगवतं कोण? आमच्या भागातल्या एका शाळेत खड्डे मुलांनी खणले, रोपं पाहुण्यांनी लावली आणि पाणी घालायची पाळी सातवीच्या मुलींवर आली. शाळेला नळ नाही. एप्रिल-मे महिन्यांत या मुली घरचं पाणी भरून झालं की शाळेच्या रोपांसाठी हंडा नेत. ‘मुली प्रेमळ असतात, झाडं त्यांच्या हातची जगतात,’ असं मुख्याध्यापकांनी मला कौतुकाने सांगितलं. इथे पर्यावरण शिक्षणाने मुलींना नेमकं तेच शिकवलं, जे घराने आधीच शिकवलं होतं. मुलग्यांनाही तेच शिकवलं. राज्याने वृक्षलागवडीचे आकडे २०१६ मधल्या २ कोटींवरून २०१९ मध्ये ३३ कोटींवर नेले, आणि २०२१ साली त्या लागवडीच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमावी लागली. कोटींची चौकशी होते. त्या रोपांसाठी वाहिलेल्या हंड्यांची कधी होणार?

यावर काही मैत्रिणी म्हणतील, शिक्षकांना झोडपू नका. मी शिक्षकांना झोडपत नाहीये. प्राथमिक शाळेतली बाई पहाटे उठून स्वतःचा डबा, नवऱ्याचा डबा, सासूचं पथ्य उरकून दोन वाहनं बदलून शाळेत येते. तिथे तिच्यापुढे मतदारयाद्या, ऑनलाइन माहिती, पोषण आहाराचा हिशेब आणि वर आता रोपांचे फोटो. घरकाम आणि नोकरी यांत पिचलेली ती आपलीच मैत्रीण आहे. अशाच बायांनी आणि मास्तरांनी इथे वेगळं करूनही दाखवलेलं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला पाहिलं, की वारल्यांची मुलं गुरं राखतात म्हणून शाळेत येत नाहीत. मग शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा हे नाव आपल्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल. मुलांचं काम, त्यांचं रान, त्यांची जनावरं हाच अभ्यास. नर्मदेच्या काठी १९९१-९२ च्या सुमारास बुडिताच्या गावांत जीवनशाळा निघाल्या. तिथल्या मुलांना धरण म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावं लागलं नाही, आणि झाडांची, मासळीची नावं त्यांना स्वतःच्या भाषेत शिकता आली. मध्य प्रदेशात होशंगाबादचा विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम १९७२ पासून सरकारी शाळांमध्येच चालला. मुलं शेतात, ओढ्यावर जाऊन बघत, प्रश्न विचारत. २००२ साली सरकारने तो बंद केला. ‘सरकारी शाळेत हे होऊच शकत नाही’ म्हणणाऱ्यांनी ही मधली तीस वर्षं मोजावीत.

दुसरा आक्षेप ठरलेला : शाळेत राजकारण नको. महाराष्ट्रात पाण्याचा धडा राजकारणाशिवाय शिकवता येतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी १९२७ साली महाडला काय झालं ते आठवावं. त्याआधी १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये १८८३ सालीच बंधारे, तलाव आणि वाहून जाणारी माती यांबद्दल त्यांनी लिहून ठेवलं आहे. इतिहासाच्या पुस्तकात महाड येतं, जलसुरक्षेच्या तासाला येत नाही. या दोन तासांच्या मधली भिंत कुणी बांधली? चिपकोचंही असंच. झाडाला मिठी मारलेल्या बायांचं चित्र सगळीकडे असतं. २६ मार्च १९७४ ला रेणी गावात गौरादेवी आणि बाया पुढे झाल्या, कारण पुरुषांना नुकसानभरपाईच्या निमित्ताने चमोलीला बोलावून घेतलं होतं. एवढं तरी कधीमधी सांगतात. पण १९८० साली डुंग्री-पैंतोलीच्या बाया आपल्याच गावच्या पुरुषांविरुद्ध उभ्या राहिल्या, हे कोण सांगतं? पुरुषांना रस्ता, दवाखाना, शाळा यांच्या बदल्यात बांजाचं जंगल द्यायचं होतं. बायांना माहीत होतं, की सरपण आणि चारा उद्यापासून पाच मैल लांब जाणार आणि तिथे जायचं आपल्यालाच. ‘गावाचं हित’ म्हणजे नेमकं कुणाचं, हा प्रश्न त्यांनी टाकला. तो आपल्या मुलांपुढे का टाकू नये?

असा प्रश्न टाकला की काय होतं तेही सांगते. आमच्या तालुक्यातल्या एका शिक्षिकेने सहावी-सातवीच्या मुलांना घरच्या पाण्याच्या नोंदी ठेवायला सांगितल्या. पाणी कोण आणतं, कुठून, किती वेळ जातो, कुठल्या विहिरीवर कुणाला जाऊ देत नाहीत. शेवटच्या रकान्याने घोळ केला. गावात एका विहिरीवर कातकरी बायांना दोर टाकू देत नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं. पण ते मुलांच्या अक्षरात लिहिलेलं कुणी पाहिलं नव्हतं. चार दिवसांत तक्रार गेली, बाईंकडून लेखी खुलासा मागवला गेला, ‘अभ्यासक्रमाबाहेरचे उपक्रम’ म्हणून. त्यांनी खुलाशात परिसर अभ्यासाची उद्दिष्टंच उतरवून काढली : निरीक्षण करणे, नोंद करणे, निष्कर्ष काढणे. वर लिहिलं, यातलं बाहेरचं कोणतं ते कळवावे. उत्तर आलं नाही. बाईंची बदलीही झाली नाही, पण पुढचे सहा महिने त्या एकट्या पडल्या. केंद्राच्या शिक्षण परिषदेत शेजारी बसायला कुणी नाही. आपल्या संघटनेने त्या वेळी जाहीर पाठिंब्याचं साधं पत्रही दिलं नाही, कारण ‘हा शाळेचा अंतर्गत प्रश्न’. त्या बैठकीत मी होते आणि या शब्दाला माझा विरोध होता, आजही आहे. नवऱ्याने मारलं तर तो घरचा अंतर्गत प्रश्न, हे ऐकत ऐकतच आपण चळवळीत आलो ना?

नोंदी मात्र वाया गेल्या नाहीत. ग्रामसभेच्या आधीच्या महिला सभेत दोन मुलींनी त्या वाचल्या. टँकर कधी येणार हे फलकावर लिहिलं जाऊ लागलं आणि दिवसभर वाट बघत मजुरी बुडवणं थोडं कमी झालं. त्या एका विहिरीचा प्रश्न अजून तसाच आहे.

तेव्हा यंदा शाळेचं पत्र आलं की जाऊ या, पण अटी घालून जाऊ या. रोपांना पाणी घालायच्या पाळीत मुलगे आणि मुली सारखे, आणि आईला फोटोसाठी बोलावलं तर तिचा रोज कोण देणार ते आधी ठरवा. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असल्याच पाहिजेत. बहुतेक गावांत त्या कागदावर असतात, सही घरी पाठवून होते. आपल्या गटातल्या बाया त्या बैठकीला प्रत्यक्ष जाऊन बसू देत आणि पर्यावरणाच्या उपक्रमांची यादी मागू देत. यादी मिळाली की तीत पाण्याच्या नोंदी, गावच्या पाणवठ्यांचा नकाशा आणि सातबारा किंवा वनपट्टा वाचण्याचा एक तास घालायला सांगू या. पुरंदरमधल्या नायगावला १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी सुरू केलेल्या पाणी पंचायतीचे नियम मुलांना वाचायला देऊ या. तिथे पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या हिशेबाने वाटलं, भूमिहीनांनाही वाटा दिला, आणि ऊस लावायचा नाही असं ठरवलं. जी शिक्षिका हे करेल तिच्या मागे संघटनेचं पत्र पहिल्या दिवशीच जाऊ दे, खुलासा मागवल्यानंतर नव्हे.

नोंदी मुलांच्या वह्यांत राहू देऊ नका. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधीच्या महिला सभेत त्या वाचून घ्या, इतिवृत्तात लिहायला लावा, एक प्रत ग्रामपंचायतीत आवक क्रमांक टाकून जमा करा, आणि शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय उठू नका.